नळी असेपर्यंत

लेकीच्या छातीतून एक बारीक नळी आत, हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत गेलेली होती. रक्ताच्या कर्करोगाची औषधं तिच्यातूनच जायची. त्या औषधांनी पोरीची प्रतिकारशक्तीही संपवली होती. मुंबईच्या इस्पितळातून दिवेआगरला घरी निघताना सिस्टरनी बजावलं होतं, "ही थेट रक्तात जाणारी वाट आहे. जंतू शिरले तर फार वेळ हातात राहत नाही. लोकांना लांब ठेवा. ताप आला तर घरगुती उपाय करत बसू नका, निघा."

घरातली पहिली पदवीधर मी. हे सगळं मला समजलं ते आईमुळे. लोकांच्या वाड्यांत सुपारी सोलून तिनं मला तळ्याला, तालुक्याच्या गावी, शिकायला ठेवलं.

नवरा नोकरीच्या गावी, घरी आम्ही दोघीच. शेजारच्या वाडीच्या मालकीणबाई बिस्किटाचा पुडा घेऊन आल्या आणि लेकीच्या गालाला हात लावायला वाकल्या. मी मध्ये उभी राहिले.

"अगं, खातेय का मी तिला?" त्या म्हणाल्या.

मग कुणी येईनासं झालं. लेक खिडकीतून हाका मारायची. मुलं हात हलवून पुढे जायची.

आई आली ती खोकतच. दोन एसट्या बदलून आली होती. मी तिला पायरीवर थांबवलं.

"आई, शिवू नको तिला."

ती जागच्या जागी उभी राहिली. आम्ही बौद्ध. तिच्या लहानपणी वाडीवाले तिच्या ओंजळीत वरून पाणी ओतायचे.

"ह्ये ऐकतच मोठी झाले मी," ती म्हणाली. "तुज्या तोंडून तेवढं ऱ्हायलं होतं."

मी नळीचं सगळं समजावून सांगितलं. सांगताना माझंच शिक्षण मला परकं वाटत होतं.

"पोरीला ताप न्हाय ना?"

"नाही."

"मग ऱ्हाऊ दे."

ती परत गेली नाही. फाटकाजवळच्या दगडावर जाऊन बसली. संध्याकाळी मालकीणबाई बऱ्याच दिवसांनी फिरकल्या, देवळातला अंगारा घेऊन.

"बाई, तितंच थांबा," आई बसल्या जागेवरून म्हणाली. "पोरीला शिवायचं न्हाय."

बाई थबकल्या. अंगाऱ्याची पुडी कंपाउंडच्या भिंतीवर ठेवून निघून गेल्या. आई माझ्याकडे बघेल असं वाटलं. तिनं बघितलं नाही.

दिवेलागणीला लेकीचा ताप पाहिला. नव्हता. साबणानं हात धुऊन तिला भरवलं. मग आईचं ताट वाढलं, बाहेर नेलं, पायरीवर ठेवलं आणि मागे सरले. मी दारात पोचल्यावर आई उठली, आणि तिनं ते उचललं.