आईच्या टाक्यांवरचं मेण

सातपाटीहून आमच्या चाळीत मासळी विकायला येणाऱ्या मावशी नसत्या, तर आईच्या हातचे टाके मी स्वतःच घालवले असते. म्हणून आधी त्यांना हात जोडते, मग बाकीचं सांगते.

मी लातूरकडची. बोईसरला पॅकिंगच्या कामाला निघाले तेव्हा आईनं जांभळा सुती कुर्ता शिवून दिला, गळ्याला पांढऱ्या दोऱ्याची वेल. पुढं तिची नजर अधू झाली. आता सुईत दोराही ओवता येत नाही, म्हणजे ही वेल शेवटचीच. आणि मी वेडीनं कुर्ता रोज गच्चीवर उन्हात वाळवून पार विटवला. दिवाळीला आई येणार होती. त्या घोरानं रंगाची पुडी आणली.

पुडीवरचं बारीक इंग्रजी मला कुठलं वाचता येतंय! शाळा सातवीतच सुटली. मेणाखाली रंग चढत नाही, एवढं शेजारणीकडून ऐकलेलं. मेणबत्ती वितळवून काडीनं सगळी वेल झाकली. रंगाचं पाणी खळखळ उकळत होतं. कुर्ता आत सोडणार, तोच दारात पाटी उतरवत मावशी ओरडल्या, "अगं, काय शिजवतेस?"

"कुर्ता रंगवतेय. टाक्यांना मेण लावलंय."

"आनि उकळत्या पान्यात? मेण ऱ्हाईल काय गं येडे! कोलंबीचं कालवण हाय काय ते?"

मी कुर्ता झटकन मागं घेतला. त्यांनी कुर्ता ओढून उलटा केला. "आनि ही बाजू कोन करील, तुजा नवरा?"

"अजून झाला नाही."

"मंग तूच कर."

त्यांची सासू सुती जाळी झाडाच्या सालीच्या पाण्यात रंगवायची. "पानी उकळायचं, जाळं नाय," मावशी म्हणाल्या. मग आम्ही पाणी पार गार केलं, मीठ घातलं, दोन्ही बाजूंना मेण लावून कुर्ता बुडवला. त्या मासळी विकून परत येईपर्यंत मी एका जागी बसले नाही.

दुसऱ्या दिवशी, वाळलेल्या कुर्त्यावर वर्तमानपत्र ठेवून त्यांच्यासमोरच इस्त्री फिरवली. मेण कागदात उतरलं. वेलीचं एक पान जरा जांभळं झालं होतं, बाकी वेल पांढरीशुभ्र! मी रडायलाच लागले.

"आता रडतेस कशाला? मीठ घालून झालंय," मावशी म्हणाल्या.

आई आली की तिच्याकडून ही वेल शिकून घेणार आहे. नजर अधू असली तरी तिच्या बोटांना टाका ठाऊक आहे. हात बसायला वर्ष लागो की दोन, मावशींना एका शालीवर मी एक दिवस अशी वेल काढून देईन. हा माझा शब्द.