खणाचा आवाज

आमच्या स्वयंपाकघरातल्या कपाटाचा वरचा खण वर्षानुवर्षं करकरत उघडायचा. शेवटी रविवारी मीच खण सरकायचे नवे चॅनल आणून बसवले. पहिल्यांदा एक बाजू तांदळाच्या दाण्याएवढी वर गेली, म्हणून सगळे स्क्रू काढून पुन्हा मोजमाप घेतलं. संध्याकाळी एका बोटाच्या धक्क्यानं खण अलगद आत गेला.

बाबांनी तो चारदा उघडून बंद केला. "तुझ्या हातात कला आहे गं!" म्हणाले. मी पदवीधर झाले तेव्हाही ते एवढं बोलले नव्हते.

मग लक्षात आलं. त्या खणात गुळाचा डबा असतो आणि बाबांना मधुमेह आहे. आजवर खण करकरला की आई बाल्कनीतून ओरडायची, "अहो, ठेवा तो खडा!" आता मात्र ती निवांतपणे मोगऱ्याला पाणी घालत होती.

आपण ज्याला बिघाड म्हणतो, त्यानंच घर कधी कधी जोडलेलं असतं. दोन माणसं दोन खोल्यांत असली, तरी एखाद्या कुरकुरीनं एकमेकांजवळ असतात.

मी गुपचूप एक स्क्रू अर्धा फेरा सैल केला.

सकाळी खण जरासा कुरकुरला. "अहो!" बाल्कनीतून हाक आली. बाबांनी खडा परत डब्यात टाकला आणि माझ्याकडे बघत म्हणाले, "तरी मी म्हणत होतो, सुतारालाच बोलवा."