ताराबाईचे ‘ते’

ताराबाईच्या घरातला लॅपटॉप उघडला की नुसतं काळं दिसायचं. पोरगा अभिमन्यू पुण्यात एका कंपनीच्या कॉम्प्युटरच्या खोलीत कामाला. तिथं टाकायला काढलेलं ते यंत्र त्यानं गाठोड्यात बांधून पाटोद्याजवळच्या वस्तीवर आणलं आणि आईच्या पुढ्यात ठेवून सांगितलं, "आई, याच्यात शिनेमा न्हाई, गाणी न्हाई, फोटू न्हाई. तेवढा जीवच ऱ्हायला न्हाई त्याच्यात. नॅनो म्हणून एक हाय, तिच्यात नुसतं लिहायचं."

"मंग लई झालं की," ताराबाई म्हणाली.

वीस वर्षं तिनं ऊस तोडला होता. सातवी शिकलेली बाई. भरल्या ट्रॉलीत मोळ्यांवर बसून, वाऱ्यात पदर तोंडात धरून, ती उखाणे जुळवायची. टोळीतल्या प्रत्येक नव्या नवरीला तिनं उखाणा करून दिला होता, आणि एकही कागदावर नव्हता. बोललेला शब्द उडतो. पाचटाला काडी लावल्यावर काळी पात वर जाते आणि दुसऱ्याच्या फडात पडते, तसे तिचे उखाणे कुठंही पडत, कुणाच्याही तोंडून उगवत.

आता तिच्यापुढं ही खिडकी होती. रानाला काळी म्हणतात, म्हणून तिनं खिडकीलाही काळीच म्हणायला सुरुवात केली. "जरा काळीत जाऊन येती" म्हणाली की समजायचं, बाई लॅपटॉपपुढं बसणार.

पहिले दोन दिवस काळीनं तिला दाद दिली नाही. खिडकीच्या तळाला दोन ओळी होत्या, त्यात इंग्रजी अक्षरं, आणि प्रत्येक अक्षराच्या अलीकडं एक टोपी. टोपी, मग ओ. टोपी, मग एक्स. अभिमन्यूनं सांगून ठेवलेलं, टोपी-ओ केलं की लिहिलेलं राहतं, टोपी-एक्स केलं की बाहेर पडता येतं. ताराबाईनं कळफलकावर टोपी शोधली, ती सहाच्या आकड्यावर सापडली. तिनं टोपी दाबली, ओ दाबला. पानावर टोपी आली, ओ आला. पुन्हा दाबलं. संध्याकाळपर्यंत पानभर टोप्या झाल्या.

नवरा रामहरी मागं उभा राहून बघत होता. तो म्हणाला, "टोपीवाल्याकडून काम व्हत आसतं व्हय? आपल्या जिल्ह्यात ऱ्हाऊन तुला एवढं कळंना."

शेवटी फोनवर उलगडा झाला. टोपी म्हणजे कंट्रोलची कळ. ती धरून ठेवायची आणि मग अक्षर दाबायचं. ताराबाई इतकी हसली की पलीकडं अभिमन्यूला वाटलं, आई रडतीय.

तिथून मात्र गाडी अशी सुटली की बोलायची सोय नाही. टोपी-के दाबलं की अख्खी ओळ बुडापासून गायब. तिनं पाठ केलं, के म्हणजे कोयता. टोपी-यू दाबलं की तीच ओळ दुसरीकडं उभी. यू म्हणजे ऊस. आयुष्यभर कापला तो ऊस कापला की संपायचा. इथं कापायचा आणि मनाला येईल त्या सरीला पुन्हा लावायचा. ती एकच ओळ दहादा कापून दहा ठिकाणी लावायची, उगाच, गंमत म्हणून. वेलांट्या त्या खिडकीत जरा सरकून बसायच्या, अक्षराशी भांडण झाल्यासारख्या. तिला त्याचं काही वाटत नव्हतं. मधेच कुणी गुड मॉर्निंगची फुलं पाठवत नव्हतं, कुणी जाहिरात करत नव्हतं. काळी गप्प बसायची आणि एक बारकी पांढरी खूण लुकलुकत म्हणायची, हं, पुढं.

पण एक काटा तिच्या मनात होता.

गेल्या वर्षी एका हळदीत तिचा उखाणा नवरीनं म्हटला, टाळ्या पडल्या, आणि दूध संघाच्या चेअरमनची सून प्रियदर्शनी सगळ्यांत म्हणाली, "हे मोबाईलवरचं आहे. सगळं तिथलंच असतं. ताराबाईंची पाठांतराची कमाल मात्र मानली पाहिजे." वाईट बोलली नव्हती ती. कौतुकच केलं होतं. तेच जास्त लागलं.

म्हणून भाची ऋतुजाचं लग्न ठरलं तेव्हा ताराबाईनं भावाला सांगून टाकलं, "माझ्याकडून पोरीला पुस्तक. चाळीस उखाणे. छापून, मांडवात सगळ्या बायांना वाटायचे. शेवटच्या पानावर माझं नाव." बायांनी पुस्तक हातात धरावं आणि म्हणावं, हे ताराबाईचं. एवढंच तिला पाहिजे होतं. तिला वाटे, हे या लग्नात झालं नाही तर कधीच व्हायचं नाही.

उखाणे वर्षभरात जमलेले होतेच. लिहिताना नवऱ्याचं नाव कुणाचं घालायचं, हा प्रश्न तिला पडलाच नव्हता. बाईमाणूस नवऱ्याला जे म्हणतं तेच तिनं जागोजाग लिहिलं होतं: ते.

*वाळल्या काटक्यांना फुंकर मारते,*
*ते दारात दिसले की चहा करते.*

असे चाळीस. आणि एक गोष्ट तिनं फार जपून केली होती. बोलताना ती "करती", "घेती" म्हणायची. पण पुस्तक म्हटल्यावर शुद्ध पाहिजे. म्हणून प्रत्येक ठिकाणी तिनं नीट, शाळेत शिकवलेलं, "करते" आणि "घेते" लिहिलं.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी भावाची जीप पाटोद्याला निघाली. छापखाना तिथं. ताराबाईला तेव्हाच आठवलं की ‘ते’ काढून तिथं नवरदेवाचं नाव घालायचं राहिलंय. नवरदेव दिंद्रुडचा, कारखान्याच्या ऊस-वाहतुकीवर ट्रॅक्टर चालवणारा, अजिनाथ. तिनं फोन लावला.

"आभ्या, चाळीस जागी नाव बदलायचंय. एकेक करत बसू व्हय?"

"कावून एकेक? कंट्रोल धर अन् उलटी तिरपी काठी दाब. काय काढायचं इचारल, ते लिही. काय घालायचं इचारल, ते लिही. मंग ए दाब. ए म्हंजे ऑल, सगळ्यास्नी एकदम."

"काढायचं ते ‘ते’ हाय."

"हा, ते लिही म्हणलं ना."

बाहेर जीपनं हॉर्न दिला. ताराबाईनं कंट्रोल धरला, काठी दाबली. काढायचं: ते. घालायचं: अजिनाथराव. खिडकीनं काहीतरी इंग्रजीत विचारलं. तिनं ए दाबला.

एक पापणी लवली नाही तोवर झालं. खाली अक्षरं उमटली, त्यांतला आकडा तिनं वाचला: एकशे वीस. तिनं चाळीस सांगितले होते. काळीनं तिप्पट मान दिला, असं तिला वाटलं, आणि लग्नाघरचं काम म्हणून ते शुभच वाटलं. समोर शेवटचं पान होतं. ते तिनं मुद्दाम कोरं ठेवलेलं, मधोमध फक्त "रचणारी : ताराबाई." ते नाव तिनं एकदा डोळे भरून पाहिलं, टोपी-ओ केलं, टोपी-एक्स केलं आणि अभिमन्यूनं शिकवून ठेवल्याप्रमाणं फाइल पेनड्राइव्हवर घेऊन जीपकडं पळाली.

छापखान्यातला सटवा शंभर पत्रिकांच्या ढिगाऱ्यात बसला होता. "वाचून बघतोस का रं एकदा?" तिनं विचारलं. सटवा म्हणाला, "मावशी, मी वाचत बसलो तर छापील कोण?" गुलाबी कागदावर, पिना मारून, तासाभरात दीडशे पुस्तकं बांधून दिली. ताराबाईनं ती मांडीवर घेतली आणि पूर्ण रस्ता शेवटचं पान बघत आली. आतलं तर तिला पाठ होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी अक्षता पडल्या, पंगती उठल्या आणि नवरा-नवरी घास भरवायला समोरासमोर बसली. घास भरवायचा म्हणजे नाव घ्यायचं. बायांनी कडं केलं. प्रत्येकीच्या हातात गुलाबी पुस्तक, कुणी वारा घेतंय, कुणी पोराला खेळायला दिलंय. दिंद्रुडकरांच्या बाजूनं नवरदेवाची आजी छबुबाई पाट घेऊन अगदी पुढं बसली होती. कानानं ठणठणीत, दातानं रिकामी.

ऋतुजा लाजून बसलेली. तेवढ्यात माईक प्रियदर्शनीनं घेतला. "थांबा, आधी आपण सगळ्यांसाठी एक वाचू. ताराबाईंनी जमवलेत."

जमवलेत. ताराबाईनं तो शब्द गिळला.

प्रियदर्शनीनं पहिलं पान उघडलं आणि बातम्या देतात तशा स्पष्ट आवाजात वाचलं:

"वाळल्या काटक्यांना फुंकर मार अजिनाथराव,
अजिनाथराव दारात दिसले की चहा कर अजिनाथराव."

अजिनाथच्या हातातला जिलेबीचा घास हातातच राहिला.

ताराबाईनं पुस्तक उघडलं. मारते, करते. मार-ते, कर-ते. प्रत्येक शब्दाच्या शेपटीला एक ‘ते’ बसलेला होता, तिच्याच हातानं बसवलेला, आणि काळीनं एकही सोडला नव्हता. "करती" लिहिलं असतं तर वाचले असते. शुद्धपणा नडला.

मग मागं कुणीतरी फसकन हसलं. आणि बायांनी एकदम आपापली पुस्तकं उघडली, पानं फडफडली, आणि जिच्या हाताला जे लागलं ते ती मोठ्यानं वाचू लागली.

"पहाटं उठून अंगण झाड अजिनाथराव."

"हे बघ गं, हे बघ. भांडी घास अजिनाथराव."

"पाय चेप अजिनाथराव. आगं बाई, पाय बी चेप म्हणती ही."

"धुणं धू, आन् वर वाळत घाल."

एक बाई हसता हसता मांडवाच्या खांबाला धरून खाली बसली. दुसरीनं लांब उभ्या नवऱ्याला हाक मारून वाचून दाखवलं, त्याच्या नावानं. नवरी पदराआड हलत होती. रडते का हसते कळेना, मग कळलं. रामहरी मंडपाच्या दाराशी म्हणाला, "मला हे घरी तोंडी ऐकायला मिळतं, छापायची काय गरज व्हती?" आणि पुरुषांच्या बाजूलाही धरण फुटलं.

"कावून हसतात गं येवढ्या?" छबुबाईनं विचारलं. तिला वाचता येत नव्हतं. नातीनं कानाशी सगळं सांगितलं. म्हातारीनं ऐकलं, मान हलवली. "अजून एकदा वाच. चहाचं."

नातीनं वाचलं.

"लई भारी," छबुबाई म्हणाली. "साठ वर्षं मी मांडवात बसती. सगळ्या नवऱ्या आपलं मी करते, मी वाढते, मी झाडते. आज पैल्यांदा कामाचं ऐकलं. कुणी लिहिलं?"

प्रियदर्शनी माईक हातात धरून पुस्तक उलटंपालटं करत होती. "मोबाईलवर असं कधी वाचलं नाही," ती हळूच म्हणाली. पण हळूच बोललेलंही माईकमधून सगळीकडं गेलं.

"मोबाईलमधलं आसतं तर बरोबर आलं आसतं," छबुबाई म्हणाली. "हे घरचं हाय. कुणाच्या घरचं, तेवढं सांग."

नातीनं शेवटचं पान उघडलं. "रचणारी ताराबाई."

दीडशे बाया वळून बघू लागल्या. ताराबाईला आयुष्यात इतके डोळे एकदम कधी लागले नव्हते. काय करावं सुचेना म्हणून तिनं पदर खोचला, जणू आता मोळी उचलायची आहे.

"ए अजिनाथ," म्हातारी कडाडली, "ही चाळीस कामं पुढं बघू. आता घास भरवायचाय, तर छापलंय तसं कर. नातीनं मघा मला वाचून दाखवलंय. नाव घे अजिनाथराव."

अजिनाथला घाम फुटला. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या लावून घाट उतरणारा गडी, त्याला दोन ओळी जुळेनात. "ऋतुजा… ऋतुजा…" इथपर्यंत आला आणि थांबला. ताराबाई त्याच्या मागंच उभी होती. तिनं वाकून त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. बोट मोडायला लागतो तेवढाच वेळ लागला. सगळ्यांनी बघितलं, तिच्या हातात पुस्तक नव्हतं, मोबाईल नव्हता.

अजिनाथनं घसा खाकरला.

"ट्रॅक्टरला लागतं डिझेल, ट्रॉलीला लागतो हूक,
ऋतुजा म्हणाली चहा कर, यात माझी काय चूक."

मांडव डोक्यावर घेतला लोकांनी. बँडवाले जेवत होते, ते उष्ट्या हातानं उठून वाजवायला लागले. छबुबाई पाटावर बसल्या बसल्या खांदे हलवून नाचली. ऋतुजानं जिलेबी भरवली ती अजिनाथच्या मिशीला लागली, आणि तो तसाच हसत राहिला.

ताराबाई गर्दीतून बाहेर येऊन पाण्याच्या जारपाशी थांबली. हसू आवरत नव्हतं. तिथं प्रियदर्शनी आली. तिनं पेलाभर पाणी प्यायलं.

"ते ट्रॅक्टरचं आत्ता सुचलं तुम्हाला?"

"आत्ताच. ट्रॅक्टर दिसत व्हता ना मागं."

प्रियदर्शनीनं इकडं तिकडं बघितलं. सासरे पुढाऱ्यांत अडकले होते. तिनं पर्समधून पेन काढलं, पुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानावर काहीतरी लिहिलं आणि पुस्तक ताराबाईच्या हातात दिलं. नवऱ्याचं नाव कसं उच्चारणार, म्हणून लिहिलं होतं. विजयसिंह.

"एक पुस्तक मला करून द्याल? ह्यांच्या नावाचं."

"देती की. या बारीला नीट करून देती, एक ‘ते’ चुकायचा न्हाई."

"नाही, नाही." प्रियदर्शनीनं तिचा हात धरला. "चूक आहे तशीच राहू द्या."

ताराबाईनं ते नाव दोनदा वाचलं. मग तिनं कामाचाच एक प्रश्न विचारला, छापायचं म्हटल्यावर विचारावाच लागतो असा.

"मागं राव लावायचं का?"

चेअरमनच्या सुनेनं क्षणभर विचार केला.

"नको," ती म्हणाली. "नुसतंच राहू द्या."