पडद्यातली दोन इंचांची फट

कारखान्यात त्यांना सगळे गादीवाल्या बाई म्हणत. जुन्या व्हॅन विकत घ्यायच्या, आतून पार मोकळ्या करायच्या आणि त्यात ओटा, पलंग, कपाटं बसवून चाकांवरचं घर तयार करायचं, असा तो कारखाना. सुतार, वायरमन, नळवाला यांचं आटोपलं की गाडी बाईंच्या ताब्यात यायची. गाद्या, उशा, बैठकीची कव्हरं आणि पडदे हे त्यांचं खातं. सव्वीस वर्षांत त्यांनी चारशेच्या वर गाड्या सजवल्या, पण त्यातल्या एकीतही त्या कधी झोपल्या नव्हत्या.

गाडी चालवता मात्र यायची. कारखान्याच्या अंगणात गाड्या खेटून उभ्या असत. हवी ती बाहेर काढायला प्रत्येक वेळी ड्रायव्हर कुठून आणणार? मग बाईच पुढेमागे करत. परवानाही होता. फक्त दुसऱ्या गिअरच्या वर जायची वेळ आली नव्हती.

निवृत्तीच्या दिवशी मालकांनी त्यांच्या हातात किल्ली ठेवली. "भेटवस्तू नको म्हणालात ना? मग आठ दिवस आपली जुनी गाडी घेऊन जा. डोंगर बघा, तळी बघा. आणि आल्यावर कशी वाटली ते सांगा."

यजमानांची उभी हयात छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेली होती. त्यांना गाडीतलं काही कळत नसे आणि तसं ते मोकळेपणाने सांगत. नणंदबाई म्हणजे यजमानांच्या थोरल्या बहीण, इस्पितळातून मेट्रन म्हणून निवृत्त झालेल्या. पंधरा दिवस राहायला म्हणून आल्या होत्या, त्याला चार महिने झाले होते. त्यांना मागे ठेवून जायचा प्रश्नच नव्हता, कारण सामानाची यादी त्यांनीच केली होती.

पहिल्याच मोठ्या वळणावर मागची तिन्ही कपाटं एकदम उघडली. बटाटे, पातेली, चहाचा डबा, सगळं एकमेकांवर आदळत नणंदबाईंच्या पायाशी आलं. त्या स्वतःही बैठकीच्या गुळगुळीत रेक्झिनवरून घसरत खिडकीपर्यंत पोचल्या.

"वहिनी, ही बैठक आहे की घसरगुंडी?"

"ताई, रेक्झिन पुसायला सोपं पडतं," बाई पुढूनच म्हणाल्या.

"पुसायला माणूस तर टिकलं पाहिजे वर."

यजमान वाटेतल्या पाट्या मोठ्याने वाचत होते. "'सावकाश'मधला 'श' पोटफोड्या 'ष' केलाय बघ."

"अहो, चुका नंतर काढा. डावीकडे वळायचंय की उजवीकडे?"

"ते या पाटीवर लिहिलेलं नाही."

तरी दुपारपर्यंत बाईंचा हात बसला. चौथा गिअर पडला तेव्हा गाडी अशी अलगद सुटली, की त्या नकळत हसल्या. दोन्ही बाजूंना पिवळी शेतं, मधून काळा रस्ता आणि लांब निळसर डोंगरांची रांग. नणंदबाईंनीसुद्धा तासभर काही सुचवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सूर्य उगवला तो थेट बाईंच्या डोळ्यांत. त्यांनी कूस बदलली, ऊन गालावर आलं. डोक्यावर उशी घेतली, तर जीव गुदमरायला लागला. शेवटी उठून त्यांनी पडदा ओढला. डावा उजवीकडे ओढला की डावीकडून ऊन, उजवा डावीकडे ओढला की उजवीकडून. काही केल्या दोन पडदे मधे भेटेनात. बाईंनी गळ्यातली टेप काढली. ती सहलीतही त्यांच्या गळ्यातच असे. फट भरली बरोबर दोन इंच.

माप चुकलेलं नव्हतं. खिडकीचा पडदा त्यांनी खिडकीच्या मापाचाच शिवला होता, टेबलावर पसरून, इंच न् इंच मोजून. पण दांडीवर चढवला की कापडाला चुण्या पडतात आणि ते आखडतं, हे टेबलावर दिसत नाही. गिऱ्हाइकांचे फोन यायचे. "बाई, पडदे पुरत नाहीत हो." त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं असे, "तुम्ही नीट ओढत नाही."

त्या दिवशी बाईंनी गाडीतली प्रत्येक खिडकी टेपने मोजून पाहिली.

तिसऱ्या दिवशी ते एका तळ्याकाठी पोचले. पाणी इतकं स्वच्छ की पलीकडचा डोंगर त्यात उलटा उभा. जवळून बघावं म्हणून बाईंनी गाडी गवतावर घेतली आणि मागची चाकं चिखलात रुतली. यजमानांनी ढकललं, नणंदबाईंनी यजमानांना कसं ढकलायचं ते सांगितलं. गाडी ढिम्म हलली नाही.

पलीकडे अशीच एक गाडी उभी होती. तिच्यातून एक दातांचे डॉक्टर आणि त्यांची बायको उतरली. डॉक्टर उत्साही गृहस्थ. "दोर आहे माझ्याकडे. दहा मिनिटांत उपटून काढतो," असं म्हणून ते कामाला लागले. डॉक्टरीणबाईंनी दोघींना चहाला आत बोलावलं.

आत पाऊल टाकताच बाईंनी ओळखलं. बैठकीच्या कडेची दुहेरी शिवण त्यांचीच. पडदेही त्यांचेच, आणि प्रत्येक खिडकीत दोन पडद्यांच्या मधोमध कपडे वाळत घालायचे चार चार चिमटे ओळीने लावलेले.

बाईंची नजर बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "चिमट्यांना हसू नका हं. त्याशिवाय सकाळी झोप होत नाही. कोण शिवणारी होती कुणास ठाऊक, दोन इंच कापड जास्त लावायला तिचं काय जात होतं?"

नणंदबाई एकाएकी खिडकीबाहेर बघायला लागल्या. बाईंनी कप खाली ठेवला.

"मीच ती," त्या म्हणाल्या. "कालपर्यंत मला माहीत नव्हतं. तुम्ही फोन केला असेल, तर मी तुम्हालाही नीट ओढा म्हणून सांगितलं असेल."

"सांगितलं होतंत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि मग दोघींनाही हसू आवरेना.

बाईंनी आपल्या गाडीतून सुईदोरा आणि एक जादा चादर आणली आणि पायरीवर बसून पडद्यांना पट्टी जोडायला घेतली. पडदे निळे, चादर केशरी. डॉक्टरीणबाई चालेल म्हणाल्या. बाहेर दोर दोनदा तुटला आणि तिसऱ्यांदा गाडी बाहेर आली, ती डॉक्टर आणि यजमान या दोघांना चिखलाने रंगवून. तोवर चार खिडक्या झाल्या होत्या.

संध्याकाळी बाई तळ्याकाठी बसल्या होत्या. नणंदबाई शेजारी येऊन बसल्या.

"चारशे गाड्या, ताई," बाई म्हणाल्या. "चारशे घरांत लोक चिमटे लावून झोपतायत. आणि मी वर त्यांनाच बोलले."

नणंदबाईंनी एक खडा पाण्यात टाकला. "मी बत्तीस वर्षं पेशंटना सांगायचे, बेडपॅनचं भांडं गार नसतं, उगाच कुरकुर करू नका. मग माझंच ऑपरेशन झालं. पहिल्या दिवशी भांडं आलं." त्यांनी पदर खांद्यावर ओढून घेतला. "वहिनी, बर्फ होता नुसता."

बाई इतक्या हसल्या की काठावरची बदकं उडाली.

पाचव्या दिवशी घाट चढायचा होता. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी आणि मागे आठ-दहा गाड्यांची रांग. निम्म्या वाटेवर बाईंनी गाडी पहिल्या गिअरवर आणली आणि त्या सारख्या आरशात मागे बघायला लागल्या. यजमानांनी पाट्या वाचणं सोडून दिलं. "अगं, मागच्यांना थांबू दे," ते म्हणाले. "तू तुझ्या वेगाने चल. मला घाई नाही." एवढं एकच वाक्य, पण संसारात तेवढ्यावर त्यांचं नेहमी निभावलं होतं. माथ्यावर पोचले तेव्हा ढग रस्त्याच्या खाली होते. तिघं गाडीच्या पायरीवर दाटीवाटीने बसून उकडलेली अंडी खात ते बघत राहिले.

परत आल्यावर मालकांनी विचारलं, "कशी वाटली?" बाईंनी चार पानांची यादी पुढे केली. यजमानांनी ती शुद्धलेखनासकट तपासून दिली होती. मालकांनी एक पान वाचलं, डोकं खाजवलं आणि दुसऱ्या दिवसापासून बाईंना आठवड्यातून दोनदा यायला सांगितलं. जुन्या गिऱ्हाइकांना फोन गेले. ज्यांना हवं त्यांचे पडदे बदलून मिळायला लागले. रेक्झिन जाऊन जाड सुती कापड आलं. शिवणखात्यातल्या दोन नव्या मुलींनी पहिला पडदा शिवायच्या आधी एकेक रात्र गाडीत काढायची, असा नियम बाईंनी घातला. मालकांनी कुरकुर केली, पण मानला.

यादीचं तिसरं पान नळांचं होतं. नळवाला ते वाचून फुगून बसला. "बाई, तुम्ही गाद्यांचं बघा. नळ जागच्या जागी आहे."

बाईंनी त्याला गाडीत नेलं, हातात एक खरकटा कप दिला आणि म्हणाल्या, "एवढा विसळून दाखव."

तो ओट्यावर वाकला, कपाळ वरच्या फळीवर आपटलं आणि पाणी शर्टाच्या बाहीत शिरलं. त्याने कप खाली ठेवला आणि खिशातून पेन्सिल काढून ओट्यावर नळाच्या नव्या जागेची खूण केली.