पहिल्या ओळीचे गोटे

मसोलीत आमच्या शेजारी जयश्रीबाई राहतात. डहाणूच्या कॉलेजात त्या भूशास्त्र शिकवायच्या. त्यांना कोणी क्षमाशील म्हटलं तर मला हसूच येईल. माफ करणाऱ्यांचं कौतुक करायला जग आहे, मी बाईंचं करणार.

यजमान गेले आणि झरी गावातलं भाताचं शेत बाईंकडे आलं. खालचं शेत दिराचं, दशरथचं. एका पावसाळ्यात बाईंचा ओढ्याकडचा बांध फुटला. त्यांची सगळी माती वाहून दशरथच्या शेतात गेली, वर नुसते गोटे उरले. दशरथ म्हणाला, "ओढ्याचं काम." बांधावर कुदळीचे घाव स्पष्ट दिसत होते. पण गाव दशरथचं, शहरातल्या विधवेसाठी तोंड कोण उघडणार?

बाई चारचौघांत भांडल्या नाहीत. मला मात्र म्हणाल्या, "त्याला रडवल्याशिवाय माझा जीव थंड व्हायचा नाही."

बांध नीट करून त्यांनी शेतात पाण्याला आडव्या तीन ओळी रचल्या, दोन दगडांच्या, तिसरी मातीची. वर्गात शिकवायच्या तेच इथे केलं. कणाच्या आकारावरून नावं पडतात: गोटे, वाळू, पोयटा, चिकणमाती. पाणी मंदावलं की जड आधी बसतं, हलकं शेवटी. पहिल्या ओळीमागे गोटे अडले, दुसरीमागे वाळू, तिसरीमागे साचलेल्या पाण्यात मऊ पोयटा. दर पावसाळ्यात शेत भरत गेलं. खाली दशरथला मिळायचं नितळ पाणी. गाळ नसलेलं पाणी भुकेलं असतं, ते त्याचीच माती खरवडून नेऊ लागलं.

या उन्हाळ्यात दशरथ मसोलीला आला. "वहिनी, माझ्या शेतात काय ऱ्हायलं नाय. तुमच्याकडं साठलंय, त्यातली एक ट्रॉली द्या."

"देते, भावजी. आधी बांध कोणी फोडला ते ग्रामसभेत सांगा."

तो सांगणार नाही असं मला वाटलं होतं. पण पोट मोठं वाईट. ग्रामसभेत, स्वतःच्या सुनेसमोर, मान खाली घालून तो म्हणाला, "मीच फोडला." सगळ्यांना वाटलं, आता बाई विरघळणार.

दुसऱ्या दिवशी दशरथच्या शेतात ट्रॉली रिकामी झाली ती खडखडाट करत. पहिल्या ओळीमागचे गोटे होते सगळे. मला आनंद झाला, लपवत नाही.

"वहिनी, ही फसवणूक हाय!" दशरथला रडू आवरेना.

"साठलेलंच दिलंय," बाई म्हणाल्या. "तुम्ही माझ्या शेतात हेच ठेवलं होतंत."