देवमाशाच्या पंगतीत

पनवेलच्या कोळीवाड्यात बाई होडीत बसायची ती लग्नाच्या वऱ्हाडात, नाहीतर उरणच्या जत्रेला जाताना. मासे पुरुषानं धरायचे, बाईनं बाजारात विकायचे. त्यामुळे भगवान पटकीनं गेला आणि त्याच्या जागी त्याची बायको रंभा कासोटा घट्ट करून होडीत चढली, तेव्हा बंदरावरच्या बायांनी तोंडाला पदर लावले.

करणार काय? धाकटा दीर तुळशीराम एकटा जाळं ओढू शकत नव्हता. खलाशी ठेवावा तर तोच अर्धी मासळी उचलणार.

सासू भीमाबाई सून होडीत नको म्हणून हट्टाला पेटली होती. शेवटी म्हणाली, "जा. पन शिमग्यापर्यंत काय वंगाळ झालं ना, तर होडी इकायची. मंग तू दुसऱ्याची मासली डोक्यावर घेऊन फिर."

स्वातंत्र्य मिळून दोनतीन वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. शिमगा पंधरवड्यावर आला होता. वंगाळ काही झालं नव्हतं.

त्या सकाळी करंजाच्या पुढं, किनाऱ्यावरचे माड मोजता येतील इतक्या जवळ, पाण्यावर पाखरांचा कल्ला उठला होता. खाली तारलीचा थवा रटरटत होता. दोघांनी जाळं सोडलं, दोर होडीला बांधला, आणि तुळशीरामानं वल्ह्यानं फळी बडवायला घेतली. आवाजाला बिचकून मासळी जाळ्याकडं पळते, ही बापापासूनची रीत.

तेवढ्यात पाखरं एकदम उधळली. पाणी फुगलं, फाटलं, आणि देवमासा कुशीवर होऊन वर आला. जबडा उघडा, खालचा गळा पखालीसारखा तट्ट फुगलेला, तोंडातून तारली चांदीच्या चुऱ्यासारखी सांडतेय. त्याच्या श्वासाचा फवारा होडीवर आला. कुजक्या मासळीचा भपकारा!

"आयो!" तुळशीराम ओरडला आणि त्याला हाकलायला आणखी जोरात फळी बडवू लागला.

 रंभाची नजर पाण्यावर होती. फळीवर दणका बसला की थवा जाळ्याकडं सरके, होडीच्या आणखी जवळ. आणि थव्यामागून तो काळा डोंगर.

"बडवू नको रं! तूच त्याला बोलावतंस!"

"पलेल तो! आवाजाला पलेल!"

"तो पलत नाय, त्याचं जेवन पलतंय! आपल्याकडं!"

तुळशीराम ऐकेना. तिनं वल्हं हिसकलं, त्याला ढकलून खाली बसवलं. मग कोयता घेतला. क्षणभर हात थांबला. पावसाळ्यात घरी बसून विणलेलं जाळं होतं, दुसरं नव्हतं. खालून होडीला हलका धक्का बसला, आणि तिनं दोर तोडला.

मासळीनं जड झालेलं जाळं होडीपासून सरसरत खाली गेलं. ते तरंगतं ठेवणारी लाकडी तरांडं एकेक करून बुडाली. देवमासा होडीच्या अगदी कडेनं वर आला. एवढ्या अंगाला शोभेल असा त्याचा डोळा नव्हता, लहानसाच होता, दमलेल्या माणसासारखा. रंभानं हात जोडले. "जेव बाबा. पोटभर जेव."

तो जेवला. ते दोघे गपगार बसून राहिले.

संध्याकाळच्या भरतीला रिकामी होडी बंदराला लागली. भीमाबाई उभीच होती. "जालं कुठं हाय?"

रंभानं होडीतला तुटका दोर उचलून दाखवला. शिमगा इतका जवळ येऊन सगळं हातचं गेलं होतं.

"देवमासा आयला व्हता," तुळशीराम म्हणाला.

"बग! बाई बसली म्हनून देव चिडला. मी काय सांगत व्हती?"

आईपुढं तुळशीरामानं जन्मात मान वर केली नव्हती. तो चिखलात पाय घोळत म्हणाला, "चिडला नाय, आये. जेवत व्हता. मीच त्याच्या पानाशी फली बडवली. वयनीनं जालं सोडलं, म्हनून मी हितं उभा हाय. होडी इकशील तर इक, पन मी दुसऱ्या कुनाबरोबर दर्यात जानार नाय."

भीमाबाईनं आधी त्याच्याकडं पाहिलं, मग रंभाकडं.  एक मुलगा आधीच गेला होता तिचा.

"जेवनाऱ्याला उठवतंस, मेल्या?" ती लेकावर खेकसली. मग सुनेचा ओला हात धरून तिला चिखलातून वर ओढत म्हणाली, "उंद्या सूत घेऊन ये. दोघी बसू विनायला. शिमग्याच्या आत व्हयाला पायजे. होडी काय किनाऱ्यावर वालत ठेवायची हाय?"