एकोजीरावांची अक्षरपारख

माणसाआधी त्याचं अक्षर आपल्याला ओळखू येतं, असं तंजावरच्या एकोजीरावांचं स्वतःबद्दल ठाम मत आहे. बँकेत आयुष्यभर चेकवरच्या सह्या ताडून पाहिल्या, आणि निवृत्त झाल्यावर अक्षरावरून स्वभाव सांगणारं एक इंग्रजी पुस्तक हाती लागलं. पुस्तक इंग्रजी अक्षरांचं, इथं सगळे लिहिणार तमिळ. पण एवढ्यानं अडतील ते एकोजीराव कसले! तमिळ अक्षरं गोलगोल, म्हणून सुरुवातीला अख्खं तंजावर त्यांना प्रेमळ निघालं. मग त्यांनी गोलांचा नाद सोडला आणि पेन किती दाबलंय तेवढंच बघू लागले.

त्यांना गिऱ्हाईक एकच, भांड्यांच्या दुकानाचा मालक मुरलीकृष्ण. दुकानात माणूस नेमायचा तर तो उमेदवारांकडून अर्धं पान लिहून घेई आणि रावांपुढे ठेवी. कागदावर नाव नाही, नुसता नंबर. हा नियम रावांचाच. "नाव वाचलं की मन वाकतं," म्हणायचे. मोबदला म्हणजे फिल्टर कॉफी, साखर दोन चमचे.

घरी या साखरेचा पत्ता नव्हता, कारण घरी सून होती, वर्षा. मुलगा साईराम नोकरीपायी चेन्नईला. डॉक्टरनं साखर कमी करा म्हटलं, वर्षानं ती घरातूनच हद्दपार केली. मामंजी रुसले, उपाशी राहिले, दिवाळीचं निमित्त सांगितलं. ती ढिम्म. मग राव "देवळांत जातों" म्हणून निघू लागले आणि प्रसाद दुकानात घेऊ लागले.

परवा काउंटरवर बसायला माणूस हवा म्हणून पाच कागद आले. पाचव्यावर राव थबकले. पेन इतकं दाबलेलं की कागदाच्या पाठीवर बोट फिरवलं तरी अक्षरं लागत.

"महाहट्टी! मालकाचंही ऐकणार नाही. नको," असा निकाल देऊन त्यांनी कॉफी संपवली.

रात्री जेवण वाढताना वर्षा गप्पगप्प.

"कां गे, काय झालं?"

"एका दुकानांत नोकरी मागायला गेलें होतें, मामंजी. वशिला नको म्हणून तुम्हांस सांगितलं नाही. आज नको म्हणून फोन आला. कुणी शहाण्यानं माझं अक्षर बघून हट्टी म्हटलंय म्हणे."

"कुठलं दुकान?"

"मुरलीकृष्णचं. भांड्यांचं."

रावांनी हातातला घास ताटात परत ठेवला. या घरात मराठी बोलायची असते, लिहायची नसते. वाणसामानसुद्धा फोनवर बोलून मागवतात. साऱ्या गावाची अक्षरं वाचणाऱ्या या गृहस्थानं सुनेचं अक्षर कधी पाहिलंच नव्हतं.

"माहेरीं तिरुवैयारूला बाबांचं दुकान मीच बघत होतें," वर्षा म्हणाली. "इथं दिवसभर भिंतींशी किती बोलूं? तुम्ही तर सारखे देवळांत."

हे मात्र वर्मी लागलं.

सकाळी राव दुकानात हजर. कॉफी आली, तिला हात लावला नाही.

"पाच नंबर माझी सून आहे."

"अय्यो, राव सार! मग वाचण्यात चूक झाली म्हणायची?"

चूक झाली म्हटलं असतं तर काम तिथंच झालं असतं. पण राव ते राव.

"वाचलं बरोबरच. हट्टीच आहे ती. निकाल तेवढा चुकला. सासरा रुसला, रडला, तरी तिनं साखरेचा दाणा दिला नाही, म्हणून आज माझे पाय मला इथवर आणताहेत. तुझं गिऱ्हाईक घासाघीस करून हिच्याकडून काय काढणार?"

मुरलीकृष्ण हसत सुटला. "उद्यापासून पाठवा. पण तो शहाणा कोण, हे तिला कोण सांगणार?"

"मीच." राव कॉफीकडे बघत म्हणाले. मग तो पेला त्यांनी फार सावकाश संपवला.

आता वर्षा काउंटरवर असते. राव अजूनही कागद वाचायला जातात. कॉफी काउंटरवरूनच आत येते, बिनसाखरेची, कडू जहर.

"कां मामंजी," वर्षा सगळ्या दुकानासमोर विचारते, "देवळांत जाऊन आलां?"

मुरलीकृष्णला मराठी येत नाही. तरी दर वेळी तोच सगळ्यांत आधी हसतो.